वास येऊ नये म्हणून

"बघ रे, वास येतोय का?"

जिन्यात भेट झाली की दादा आधी कोटाची बाही माझ्या नाकासमोर धरायचे, नमस्कार-चमत्कार नंतर. आधी उजवी बाही, मग डावी. मी "नाही" म्हटलं तरी कॉलर ओढून एकदा स्वतः हुंगायचे. माझ्या शब्दावर त्यांचा भरवसा नव्हता, कारण माझ्याच घरात रोज लसणाची फोडणी होत होती. "तुझं नाक मेलंय," असं म्हणायचे. "तुला विचारून काय उपयोग!" आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मलाच विचारायचे.

परदेशात राहिला असाल तर असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. आपल्या स्वयंपाकाचा वास आपल्याआधी ऑफिसात पोचतो, ही धास्ती थोडीफार सगळ्यांनाच असते. बहुतेकांची ती दोन-तीन वर्षांत जाते. दादांची गेली नाही, उलट वाढत गेली. आणि त्या धास्तीवर इलाज करण्याचं कसब नेमकं त्यांच्या हातात होतं.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. जर्मनीत, वोल्फ्सबुर्गमधले आम्ही सगळे मराठी लोक त्यांना दादा म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला वहिनी. ते आमच्या बरोबर वरच्या मजल्यावर राहत. गावात मोटारींचा जो मोठा कारखाना आहे, तिथेच आम्ही दोघंही नोकरीला. मी गुणवत्ता विभागात आकडे तपासतो. दादा दारांच्या रबरी सीलवर काम करायचे. गाडी हायवेवरून भरधाव जात असताना आतल्या माणसाला वाऱ्याची शीळ ऐकू येऊ नये आणि गाडी धुताना पाण्याचा थेंब आत येऊ नये, हे बघणं त्यांचं काम. या कामात ते खरोखर पटाईत होते. कुणाच्याही गाडीत बसताना दार लावल्याचा आवाज कान देऊन ऐकायचे आणि सांगायचे, "मागचं डावं थकलंय. बदलून घे." ते बरोबर निघायचं. "इंजिनाला सगळे भितात," असं त्यांचं एक आवडतं वाक्य होतं, "खरी भीती फटीची असते."

वहिनी सांगलीच्या. हाताला अशी चव, की शेजारच्या ब्राउनश्वाइगला शिकणारी मराठी मुलं शनिवारी गाडी पकडून जेवायला यायची. आल्या आल्या दादा त्यांचे कोट काढून घ्यायचे, एका कपाटात टांगायचे आणि कपाटाच्या दाराला स्वतः लावलेलं रबर नीट बसलं की नाही ते बोट फिरवून बघायचे. मग उपदेश. सोमवार ते शुक्रवार हिंग नाही. मुलाखतीच्या आदल्या दिवशी मासे नाहीत. केस धुतल्याशिवाय प्राध्यापकासमोर जायचं नाही. मुलं माना डोलवायची आणि चौथी पोळी घ्यायची. वहिनी वाढता वाढता म्हणायच्या, "अहो, जेवू द्या की त्यांना. वास काय खातोय काय माणसाला?"

हे सगळं सुरू झालं एका वाक्यामुळे. दादा नवीन राहायला आले तेव्हा खालच्या घरात एक म्हातारी जर्मन बाई राहायची. एकदा जिन्यात ती दादांना म्हणाली, "तुमच्याकडे आज पुन्हा काहीतरी जळलं का?" बस. तिने तक्रार केली नाही, घरमालकांच्या बैठकीत विषय काढला नाही. पण दादांना ते वाक्य लागलं ते कायमचं. पुढे ती बाई वृद्धाश्रमात गेली आणि तिचं घर आम्ही घेतलं. म्हणजे ज्या घरातून ते वाक्य आलं होतं, त्याच घरात आता आम्ही मिरचीचा ठेचा कुटत होतो. मी हे दादांना बोलून दाखवलं.

"दादा, आता कुणासाठी एवढं चाललंय? खाली आम्हीच आहोत."

"तू आहेस म्हणून माझ्यावर दुप्पट जबाबदारी," ते म्हणाले. "दोन मजल्यांचा वास लोक माझ्याच नावावर लावणार."

आमची मुलगी तेव्हा बालवाडीत होती. तिच्यापुढेही एकदा त्यांनी बाही धरली. ती मराठी समजते, पण उत्तर जर्मनमधूनच देते. "जा, लेकर!" ती म्हणाली, म्हणजे हो, छान चविष्ट. दादा त्या दिवशी घरी परत जाऊन कोट बदलून आले.

आता त्यांच्या स्वयंपाकघराबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं तिथे घडलं.

आमच्या इमारतीत प्रत्येक घराचा बॉयलर वेगळा आहे. स्वयंपाकघरात, ओट्याच्या पलीकडे, भिंतीवर टांगलेला गॅसचा बॉयलर. घर तापवतो तोच आणि नळाचं गरम पाणी देतो तोच. तो जुन्या पद्धतीचा आहे, म्हणजे जळायला लागणारी हवा खोलीतूनच घेतो आणि जळालेला वायू धुरांड्यातून वर सोडतो. हे नीट चालायचं तर खोलीत बाहेरून हवा येत राहिली पाहिजे. हवा आली नाही, किंवा कशाने तरी ती ओढून घेतली, तर धुरांड्यातून वर जायला निघालेला वायू उलटा खोलीत येतो.

दादांनी खिडकीच्या चारी बाजूंना सील बसवलं. स्वयंपाकघराच्या दाराला बसवलं. दाराखालच्या फटीलाही एक पट्टी लावली, दार मिटलं की खाली उतरणारी. ती त्यांनी स्वतः बनवली होती आणि ती दाखवताना त्यांचा चेहरा फुलायचा. मग ओट्यावर मोठी चिमणी आणली. साधी नाही, हॉटेलात शोभेल अशी. चालू केली की शेगडीवरची वाफ सरळ रेषेत वर जायची आणि नळीतून थेट छपरावर.

ती चिमणी बसवणाऱ्या कारागिराने नियमाप्रमाणे खिडकीला एक स्विच लावला होता. खिडकी किलकिली असेल तरच चिमणी सुरू होणार, बंद असेल तर नाही. खिडकीच्या झडपेवर एक छोटा चुंबक आणि चौकटीवर त्याला ओळखणारा तुकडा, एवढंच ते यंत्र. दादांनी चुंबक काढून ठेवला. मग चिमणीला खिडकी कायम उघडीच आहे असं वाटायचं. फोडणी देताना खिडकी उघडी ठेवायची म्हणजे वास अंगणात सोडायचा, आणि ते तर दादांना नकोच होतं.

"तो स्विच उगाच नाही लावलेला," मी म्हणालो.

"अरे हिशेबनीस, ते सगळं जर्मन लोकांसाठी," ते म्हणाले. "त्यांना फोडणी माहीत आहे का?" मला ते हिशेबनीस म्हणायचे. लाडानेही आणि टोमणा म्हणूनही.

पहिली खूण बॉयलरनेच दिली. वहिनी तळायला बसल्या की तो मध्येच बंद पडायचा. नळाचं पाणी गार व्हायचं, बॉयलरच्या तोंडावर लाल दिवा लागायचा. दादा येऊन बटण दाबायचे, पुन्हा सुरू. "सेन्सर म्हातारा झालाय," म्हणायचे. सेन्सरला काही झालं नव्हतं. वायू उलटा येतोय हे ओळखून बॉयलर बंद करणं हेच त्याचं काम होतं आणि तो ते इमानाने करत होता. एखादी वस्तू नेमकी स्वयंपाकाच्या वेळी बंद पडते आणि एरवी पडत नाही, यात विचार करण्यासारखं काही आहे, असं अर्ध्या मिलिमीटरच्या फटीमागे महिनाभर लागणाऱ्या माणसाला वाटलं नाही.

दुसरी खूण होती वहिनींचं डोकं.

ते थंडीत दुखायचं. संध्याकाळपासून जड व्हायचं, रात्री मळमळ. डॉक्टरने रक्तदाब बघितला, चष्मा बदलून झाला, वयाचं म्हणून झालं. वहिनींना विचारलं तर उत्तर दादा द्यायचे. "कशा आहात वहिनी?" "इथली हवा सोसत नाही तिला." "औषध घेतलं का वहिनी?" "घेतलं की, पण पाणी कमी पिते." त्या बाजूला बसून हसायच्या.

दर दोन वर्षांनी त्या सांगलीला माहेरी जायच्या. विमानातून उतरल्यावर डोकेदुखी थांबायची ती परत येईपर्यंत. दादांनी याचा एक विनोद केला होता आणि तो आमच्या मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात व्हायचा. "हिचं डोकं पासपोर्ट बघून दुखतं. माहेरी एकदम ठणठणीत, नवऱ्याकडे आली की सुरू!" सगळे हसायचे. वहिनी पदराने तोंड झाकून हसायच्या. पुढे लोकच त्यांना विचारू लागले, "काय वहिनी, माहेरची गोळी संपली का?" घर सोडलं की थांबणारी आणि घरात शिरली की सुरू होणारी डोकेदुखी हे बॉयलर बिघडल्याचं सगळ्यात स्पष्ट लक्षण आहे. ते त्या सभागृहात पन्नास माणसांसमोर सांगितलं जायचं आणि त्यावर टाळ्या पडायच्या. त्या पन्नासांतले निम्मे इंजिनिअर होते.

एका दसऱ्याला आम्ही वर जेवायला गेलो. मी पाणी घ्यायला स्वयंपाकघरात गेलो, तर खिडकीच्या काचेवरून पाणी ओघळत होतं. बॉयलरच्या पत्र्यावर, वरच्या कडेला, काजळीची एक जीभ उठलेली. पत्र्याच्या भोकातून ज्योत बघितली. ती निळी असायला हवी, पिवळी होती. आमच्या खालच्या बॉयलरची ज्योत मी रोज बघतो, त्यामुळे फरक कळायला वेळ लागला नाही.

"दादा, हे काय आहे?"

त्यांनी बोटाने काजळी पुसली. "फोडणीची."

"फोडणीची काजळी बॉयलरच्या वरच्याच कडेला कशी बसेल? हा वायू उलटा येतोय. तुमची चिमणी त्याला ओढतेय."

"ओढून बाहेर टाकतेय ना? मग चांगलंच आहे." मग माझ्या खांद्यावर हात ठेवून, मायेने, "तू आकडे बघ. हवा मी बघतो."

पुढच्या आठवड्यात मी कार्बन मोनॉक्साइडचा एक अलार्म आणला आणि स्वतः वर जाऊन लावून दिला. चार दिवसांनी तो हॉलमधल्या ड्रॉवरमध्ये होता, सेल काढून.

"अरे, तुझा भोंगा फोडणीला ओरडतो," दादा म्हणाले.

यात त्यांचंच चुकलं असंही म्हणता येत नाही. आपल्या कुठल्या घरात मिरची टाकल्यावर छतावरचा धुराचा अलार्म ओरडत नाही? आपण टॉवेल घेऊन खुर्चीवर चढतो, वारा घालतो, हसतो. अलार्म ओरडणं म्हणजे जेवण तयार होत आलं, इतकं ते आपल्या अंगवळणी पडलंय. मी त्यांना समजावलं की हा धुराचा अलार्म नाही, याला फोडणी कळतच नाही, हा एका वेगळ्याच वायूला ओरडतो. तो वायू दिसत नाही आणि त्याला वास नसतो.

"वास नसतो?" दादा म्हणाले. "मग त्याचा कुणाला काय त्रास?"

आणि ते हसले. वहिनीही हसल्या.

मी मात्र ते हसण्यावारी सोडलं नाही. वसंतात धुरांडी तपासणारी बाई आमच्याकडे आली. काळा पोशाख, हातात मोजायचं यंत्र. ती दरवर्षी सगळ्या इमारतीत फिरते. आमचं झाल्यावर मी तिला सगळं सांगितलं. काजळी, पिवळी ज्योत, काढलेला चुंबक, बंद पडणारा बॉयलर. तिने लिहून घेतलं आणि ती वर गेली.

ती येणार म्हणून दादांनी आदल्या संध्याकाळपासून घरातल्या सगळ्या खिडक्या उघड्या टाकल्या होत्या. तिला वास येऊ नये म्हणून. त्या दिवशी स्वयंपाक बंद. वहिनींनी ब्रेड आणि चीज ठेवलं होतं. पत्रा पुसून लख्ख केला होता. चुंबक जागेवर चिकटवलेला. तिने ज्योत बघितली, निळी. यंत्र लावलं, आकडा मर्यादेच्या आत. स्विच तपासला, चालू. बरोबर काम करून ती बाई निघून गेली.

संध्याकाळी दादा तपासणीचा कागद घेऊन माझ्या दारात उभे. "हे बघ. आकडे. तुझे लाडके आकडे." मग आवाज खाली आणून, "घरातली गोष्ट त्या लोकांना सांगितलीस. हे बरं नाही केलंस."

मी कागद वाचला. आकडा खरा होता. फक्त तो त्या घराच्या रोजच्या दिवसाचा नव्हता. मी त्यांना म्हणालो, "तिला चिमणी चालू करून, खिडकी बंद ठेवून, भजी तळताना मोजायला सांगा." ते कागदाची घडी घालून वर गेले. पुढे कितीतरी दिवस जिन्यात भेटले तरी बाही पुढे आली नाही.

दिवाळीच्या आधी अबोला सुटला. वहिनीच खाली येऊन म्हणाल्या, "तुमच्या दोघांच्या रुसव्यात आमची ताटं कशाला अडतात? चकल्या करतेय शनिवारी. ताट पाठवते." माझ्या बायकोने त्यांना विचारलं, डोकं कसं आहे. "आहे की जागेवर," त्या म्हणाल्या.

शनिवारी दुपारी आम्ही जेवून उठलो होतो. वरून एक जड आवाज आला. काहीतरी पडल्याचा. मग एक झारा किंवा ताटली फरशीवर फिरत थांबल्याचा. माझी बायको म्हणाली, "अहो, बघून या."

दादांनी दार नेहमीसारखं वीतभर उघडलं. "लवकर आत ये, लवकर, वास जातो बाहेर." ते दिवाणखान्यात दार लावून फोनवर परगावी राहणाऱ्या त्यांच्या मुलाशी बोलत होते, तिथे काही ऐकू आलं नव्हतं. त्यांनी लावलेली सीलं उत्तम होती. त्यांचा चेहरा नेहमीचाच. "काय पडलं रे? ती करतेय चकल्या."

स्वयंपाकघराचं दार ढकललं तेव्हा ते जरा जोर लावूनच उघडलं. चिमणी पूर्ण वेगात गरगरत होती. वहिनी ओट्याखाली एका कुशीवर पडल्या होत्या. गाल चांगले गुलाबी, झोपल्यासारख्या. मी श्वास रोखून खिडकी उघडली, शेगडी बंद केली, चिमणी बंद केली, बॉयलरचा कॉक फिरवला आणि आम्ही दोघांनी त्यांना धरून जिन्यात आणलं. बायकोने तोवर ११२ ला फोन केला होता.

"बॉयलर सारखा बंद पडत होता सकाळपासून," दादा जिन्यात म्हणत होते. "मी चालू करून देत होतो. तिला गरम पाणी लागतं ना. मी चालू करून देत होतो."

अग्निशामक दलाची माणसं आली. एकाच्या खांद्यावरचं यंत्र आत शिरताच ओरडायला लागलं आणि थांबेना. त्यांनी सगळ्यांना खाली अंगणात काढलं, आमच्या घरासकट सगळ्या घरांच्या खिडक्या सताड उघडल्या आणि एक मोठा पंखा लावून घरातली हवा बाहेर फेकली. भाजणीचा, ओव्याचा, तळलेल्या तेलाचा वास अंगणभर झाला. समोरच्या इमारतीतली माणसं गॅलरीत आली होती. वहिनींना स्ट्रेचरवरून नेत होते, तोंडावर मास्क. दादा घरातल्या चपला घालून थंडीत उभे होते आणि गॅलरीतल्या लोकांकडे बघून जर्मनमध्ये म्हणत होते, "माफ करा. वासाबद्दल माफ करा."

मी त्यांचा दंड धरून त्यांना गाडीकडे वळवलं. मला त्या क्षणी त्यांना मारावंसं वाटलं होतं, हे मी लिहून टाकतो. आणि त्यांच्या अंगावर माझा कोट घातला, हेही.

पोलिसाने चौकट बघून चुंबकाबद्दल विचारलं. दादा एक क्षणही थांबले नाहीत. "मी काढला," म्हणाले. "मीच."

वहिनींना दुसऱ्या गावच्या मोठ्या रुग्णालयात नेऊन दाबाखालच्या प्राणवायूच्या खोलीत ठेवलं. त्या शुद्धीवर आल्या. चौथ्या दिवशी माझी बायको भेटायला गेली तेव्हा त्या उशीला टेकून बसल्या होत्या आणि छान बोलत होत्या. चकल्या बिघडल्या याची त्यांना चुटपुट होती. दादा खाली कॉफी आणायला गेले तेव्हा त्या बायकोला म्हणाल्या:

"मला ठाऊक होतं गं."

"काय?"

"खिडकी उघडली की डोकं उतरायचं. हे ऑफिसला गेले की मी उघडायचे. सगळा स्वयंपाक तसाच करायचे. यायच्या आधी मिटायचे, उदबत्ती लावायचे. रोजचंच होतं ते." मग चादर सारखी करत, "शनिवारी हे घरी होते ना."

"मग सांगितलं का नाही त्यांना?"

"त्यांना वासाचं फार लागतं गं," वहिनी म्हणाल्या. "एवढं तेवढं डोकं दुखतं, त्यात काय सांगायचं?"

म्हणजे त्या बाईला कुठल्याही यंत्राशिवाय कळलं होतं. आम्ही त्यांना विचारलं नव्हतं असं नाही, कितीदा तरी विचारलं होतं. पण उत्तर नेहमी बाजूच्या खुर्चीतून आलं होतं. दादांना हे सांगायचं की नाही, यावर आम्ही नवरा-बायको बरेच दिवस बोललो. शेवटी नाही सांगितलं. मला अजूनही वाटतं, सांगायला हवं होतं. बायको म्हणते, सांगून काय उरलं असतं?

वहिनी घरी आल्या. सगळ्यांनी देवाचे आभार मानले, पेढे वाटले. दादांनी जुना बॉयलर काढून नवीन बसवला, स्वतःची हवा बाहेरूनच नळीने ओढणारा. आता खिडकी मिटलेली असली तरी धोका नव्हता. आम्हाला वाटलं, निभावलं.

तीन-चार आठवडे गेले आणि वहिनींच्या बोलण्यातून शब्द गळायला लागले. आधी नावं, मग साधे शब्द. पोळी लाटता लाटता थांबायच्या आणि लाटण्याकडे बघत राहायच्या. चालताना पाय घासायचा. डॉक्टर म्हणाले, या वायूचं असं होतं. माणूस बरा झाला असं वाटतं आणि मागाहून मेंदू हिशेब मागतो. काही सुधारेल, सगळं नाही. एका संध्याकाळी त्यांनी फोडणीत आधी पाणी ओतलं. दादा धावत आले, तर त्या भांड्याकडे बोट दाखवून रडत होत्या, कारण काय चुकलं ते त्यांना कळत होतं आणि सांगता येत नव्हतं.

पुढच्या वर्षी दादांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली, घर विकलं आणि वहिनींना घेऊन ते सांगलीला गेले. वर आता एक तरुण जोडपं राहतं. चांगली माणसं आहेत. त्यांच्या कोटाला कसला वास येतो, मला माहीत नाही. कुणी विचारत नाही.

मंडळात त्या विनोदाचा विषय आता कुणी काढत नाही. निघालाच तर लोक म्हणतात, "नशीब!" मी त्यावर वाद घालत नाही, पण मला ते पटत नाही. लाल दिवा, काजळी, पिवळी ज्योत, ओघळणारी काच, ड्रॉवरमधला अलार्म, दुखणारं डोकं. एवढ्या वेळा जे दार वाजवतं, त्याला नशीब म्हणत नाहीत.

गेल्या जानेवारीत आम्ही सांगलीला जाऊन त्यांना भेटलो. वहिनींच्या भावाच्या बंगल्यात खालच्या दोन खोल्या. दादा वाळले होते. वहिनी अंगणात खुर्चीवर बसल्या होत्या, वेणी घातलेली, साडीला नीट पिना लावलेल्या. ते सगळं दादा करतात. सकाळी अंघोळ घालतात, घास भरवतात, हात धरून चालवतात. तक्रारीचा एक शब्द नाही. वहिनींच्या भावजयीने आम्हाला आतल्या खोलीत सांगितलं, "नवऱ्याने एवढं केलेलं मी तरी पाहिलं नाही." ते खरंच होतं.

माझी बायको वहिनींपाशी बसली. वहिनींनी तिला ओळखलं. तिचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "मला... ना..."

"चहा हवाय तिला," दादा म्हणाले.

चहा आला. वहिनींनी कप बाजूला ठेवला.  मग त्यांनी दुसरा हात कपाळावर नेला, बायकोकडे वळल्या आणि फार कष्टाने एक शब्द जुळवला.

"डोकं..."

"नाही दुखत आता," दादा लगेच म्हणाले. "इथे आल्यापासून अजिबात नाही. हो की नाही?"

वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं नाही. त्या माझ्या बायकोकडे बघत होत्या, आणि हात कपाळावरून खाली आला नव्हता.